गर्भावस्थेतील त्वचा आणि तिच्यातील रक्षक पेशी

त्वचा ही शरीराची तटबंदी होय. तटबंदी म्हटली की पहारेकरी आलेच. बाहेरून शिरलेले जंतू ओळखणाऱ्या, त्यांना गिळून टाकणाऱ्या आणि इतरांना सावध करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी हे काम करतात. परंतु मूल आईच्या उदरात सुरक्षित असते, जंतूंशी त्याचा संबंध क्वचितच येतो, तेव्हाही या पेशी त्याच्या त्वचेत हजर असतात. शत्रूच नसताना हे पहारेकरी तेथे काय करतात?

त्वचेतील अशा पेशींची पहिली ओळख १८६८ साली झाली. बर्लिन येथे वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या पाउल लांगरहान्स याने मानवी त्वचेच्या तुकड्यावर सुवर्ण क्लोराइडाची प्रक्रिया केली. तेव्हा बाह्यत्वचेत फांद्या फुटलेल्या काही पेशी त्याला सूक्ष्मदर्शकातून दिसल्या. त्या मज्जापेशी असाव्यात, असे त्याने मानले. त्या रक्षक पेशी आहेत, हे उमगायला पुढे सुमारे शंभर वर्षे जावी लागली.

या पेशी जन्मतः त्वचेच्या नव्हेत. त्या दुसरीकडून तेथे येतात. प्रौढ माणसाचे रक्त अस्थिमज्जेत तयार होते. भ्रूणात मात्र प्रारंभी अस्थिमज्जाच नसते. रक्तपेशींची पहिली पिढी भ्रूणाला जोडलेल्या पीतककोशात निपजते आणि पुढची यकृतात. तेथून निघालेल्या पेशी कोवळ्या त्वचेत येऊन वस्ती करतात. त्यांत महाभक्षी पेशी, म्हणजे जंतू व मृत पेशी गिळणाऱ्या मोठ्या पेशी, अगदी आरंभापासून आढळतात.

त्यांच्या कामाचा उलगडा इंग्लंडमधील मुझलिफा हनिफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने पुष्कळसा केला. गर्भधारणेनंतरच्या ७ ते १७ आठवड्यांच्या काळातील त्वचेतील एकेका पेशीत कोणती जनुके कार्यरत आहेत आणि ती पेशी नेमकी कोठे वसते, याचा त्यांनी जणू नकाशाच तयार केला. त्यावरून दिसले की, रक्षक पेशी आणि त्वचेच्या इतर पेशी यांच्यात सतत संदेशांची देवाणघेवाण चालू असते. केसांची मुळे ज्यांत रुजतात ती केशपुटके घडण्यात आणि रक्तवाहिन्यांचे जाळे विणले जाण्यात या देवाणघेवाणीचा वाटा असतो.

याची पडताळणीही झाली. मूलपेशींपासून प्रयोगशाळेत त्वचेची लघुप्रतिकृती वाढवता येते. तिच्यावर केसही उगवतात. मात्र तिच्यात रक्षक पेशी नसतात आणि रक्तवाहिन्यांच्या पेशीही फार थोड्या असतात. संशोधकांनी तिच्यात महाभक्षी पेशी सोडल्या, तेव्हा रक्तवाहिन्यांच्या जाळ्याची घडण सुधारली. म्हणजे जे पहारेकरी वाटत होते, ते तट बांधणारे गवंडीही होते.

या शोधाला व्यवहारातही मोल आहे. भाजलेल्या किंवा खोल जखम झालेल्या माणसाची त्वचा भरून येते, पण वण राहतो. सांध्यावरचा वण आखडला तर हात-पाय हलवणेही कठीण होते. गर्भावस्थेच्या पूर्वार्धात मात्र त्वचेची जखम वण न ठेवता भरून येते. २० आठवड्यांच्या मानवी गर्भातील अशा जखमेची नोंद १९७९ साली प्रसिद्ध झाली होती. या किमयेतही महाभक्षी पेशींचा हात असावा, असे नव्या नकाशावरून दिसते.

अर्थात गर्भाची त्वचा आणि प्रौढाची त्वचा यांत मोठे अंतर आहे. गर्भाभोवती उबदार जल असते, तर प्रौढाच्या जखमेत जंतू शिरतात, दाह होतो. म्हणून एकीचे रहस्य दुसरीला तसेच्या तसे लागू पडेल असे मानणे घाईचे ठरेल. परंतु जन्मापूर्वी त्वचेला जी विद्या अवगत होती, ती पुढे ती का विसरते, हा प्रश्न आता नेमकेपणाने विचारता येतो. रक्षण आणि रचना ही दोन निराळी कामे आहेत, ही समजूत मात्र गर्भातील त्वचेने खोटी ठरवली आहे.