दुखण्याची गोळी आणि डोक्यावरचा अंमल

ओपिऑइड म्हणजे अफूपासून मिळणारी किंवा अफूसारखीच मेंदूवर काम करणारी वेदनाशामके: मॉर्फिन, कोडीन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल. धुळ्याजवळच्या सोनगीरसारख्या गावात मॉर्फिनशी गाठ पडते ती बहुधा कर्करोगाच्या रुग्णाची. धरलेली कंबर, झिजलेले गुडघे किंवा पितळेवर ठोके घालून भरलेला तांबटाचा खांदा यांसाठी चिठ्ठीवर येते ती ट्रॅमाडॉल, पुष्कळदा पॅरासिटामॉलसह एकाच गोळीत. हे अफूच्या वर्गातले औषध आहे, याची घेणाऱ्याला अनेकदा कल्पनाच नसते. 2018 पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून ती महिनोन्‌महिने आणत राहू नये.

ही औषधे मेंदू व मज्जारज्जूतील ठरावीक ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटून वेदनेचा संदेश मंद करतात. जाग, लक्ष आणि श्वास सांभाळणाऱ्या भागांतही तेच ग्राही असतात. त्यामुळे औषध सुरू झाल्यावर किंवा मात्रा वाढल्यावर गुंगी येते, हिशेब चुकतो, हात उशिरा हलतो. त्या दिवसांत गावाजवळच्या मुंबई-आग्रा महामार्गावर गाडी चालवू नये आणि यंत्रावरही काम करू नये. मात्रा स्थिर राहिली की बहुतेकांची गुंगी आठवडा-दोन आठवड्यांत ओसरते.

वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्यांचे चित्र इतके सरळ नाही. काहींचे लक्ष टिकत नाही, ताजी गोष्ट आठवत नाही. पण सततची वेदनाही लक्ष खाते आणि झोप मोडते. म्हणून दुखणे कमी झाल्यावर काहींचे डोके उलट अधिक चालते. अमेरिकेतील सिएटल भागात 65 वर्षांवरील 3,434 जणांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. ओपिऑइड सर्वाधिक घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश थोडा जास्त आढळला, पण तसा तो आयबुप्रोफेनसारखी साधी वेदनाशामके खूप घेणाऱ्यांतही आढळला. दोष गोळीचा की दुखण्याचा, हे त्यावरून ठरत नाही.

व्यवहारात खरा घोळ होतो तो औषधांच्या मिसळीने. ओपिऑइडच्या जोडीला झोपेची गोळी, मुंग्यांसाठीची प्रिगॅबॅलिन किंवा दारू असली की गुंगी कितीतरी वाढते. वृद्धांत मूत्रपिंडे मंदावल्याने औषध अंगात साचते. ट्रॅमाडॉलने रक्तातील सोडियमही घटू शकते. म्हणून म्हातारपणी अचानक आलेला विसराळूपणा वयाच्या माथी मारण्याआधी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवाव्यात. धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही हे दाखवता येते. झोपेत घोरताना श्वास अडकत असेल, तर तेही सांगावे.

गोळी मात्र एकदम बंद करू नये. घाम, जुलाब, बेचैनी आणि दुप्पट दुखणे मागे लागते. वर्षाहून अधिक काळ घेणाऱ्याची मात्रा डॉक्टर साधारणतः महिन्याला सुमारे 10 टक्क्यांनी उतरवतात. हलवूनही रुग्ण जागा होत नसेल, श्वास अगदी संथ झाला असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर त्याला कुशीवर वळवून ताबडतोब 108 वर फोन करावा.