आजाऱ्याचा खर्च कोणीं सोसावा ?

आरोग्य हें परम धन आहे असें आपण लहानपणापासून ऐकतों. परंतु हें धन गेलें असतां तें परत मिळविण्यास दुसरें धन खर्चावें लागतें, आणि तें ज्याजवळ नाहीं त्यानें काय करावें ? सरकारनें सर्व प्रजेच्या औषधोपचाराचा खर्च चालवावा कीं ज्याचा त्यानें सोसावा, हा वाद अनेक देशांत झाला व अद्यापि होत आहे. ब्रिटनमध्यें तो कसा झाला हें पाहिलें म्हणजे त्याचें स्वरूप सहज ध्यानांत येईल.

१९११ सालीं तेथें राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला. मजुराच्या वेतनांतून दर आठवड्यास थोडी रक्कम कापली जाई, मालक व सरकार तींत भर घालीत, आणि मजूर आजारी पडल्यास त्यास डॉक्टरची मदत मिळे. परंतु त्याची बायको व मुलें यांस हा लाभ नव्हता. कर्त्या पुरुषास ताप आला तर डॉक्टर येई. तोच ताप मुलास आला तर आई प्रथम घरांतील पैसे मोजून पाही.

पुढें १९४२ सालीं, महायुद्धाच्या धामधुमींत, सर विल्यम बेव्हरिज यांनीं आपल्या अहवालांत दारिद्र्य, रोग, अज्ञान, गलिच्छपणा व बेकारी या पांच राक्षसांशीं राष्ट्रानें लढावें असें प्रतिपादिलें. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनीं १९४६ सालीं कायदा करविला, व ५ जुलै १९४८ रोजीं राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. बेव्हन हे वेल्समधील ट्रेडेगर येथील खाणमजुराचे पुत्र. त्या गांवीं मजूर वर्गणी काढून सर्वांसाठीं डॉक्टर ठेवीत. तेंच तत्त्व त्यांनीं सर्व देशास लागू केलें.

विरोध करणारे सर्वच स्वार्थी होते असें समजणें योग्य नव्हे. आपण सरकारी नोकर बनूं, या भीतीनें डॉक्टरांनीं १९४८ च्या फेब्रुवारींत मोठ्या बहुमतानें प्रतिकूल कौल दिला. दुसरे म्हणत कीं, फुकट वस्तूची लोकांस किंमत नसते व खर्चास अंत राहणार नाहीं. ही शंका निराधार ठरली नाहीं. खर्च अंदाजाबाहेर गेला; १९५१ सालीं चष्मे व कवळ्या यांबद्दल कांहीं आकार घेण्याचें ठरलें, व त्या वादांत बेव्हन यांनीं मंत्रिपद सोडलें. आजही तेथें शस्त्रक्रियेसाठीं पुष्कळांस दीर्घकाळ वाट पाहावी लागते. तथापि ती सेवा मुख्यतः करांच्या उत्पन्नावर चालूच आहे, आणि डॉक्टरच्या दारांत रोग्यास पैसे मोजावे लागत नाहींत.

आपल्या देशांतही सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ सालीं असें मांडिलें कीं, ऐपत नाहीं एवढ्याच कारणानें कोणीही योग्य उपचारास मुकूं नये. तें ध्येय अद्याप पूर्णपणें साध्य झालेलें नाहीं. आजारपणापायीं शेत गहाण टाकणारीं कुटुंबें आजही आहेत.

औषधोपचार कधींच फुकट नसतो. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यांत जखमी वाटसरूस कांहीं द्यावें लागलें नाहीं, कारण उतारशाळेचे पैसे शोमरोन्यानें पदरचे भरले. तेव्हां खरा प्रश्न इतकाच कीं, निरोगी असतांना सर्वांनीं थोडें थोडें द्यावें, कीं आजारी पडल्यावर एकट्यानें सर्व द्यावें ? आमच्या मतें पहिला मार्ग श्रेयस्कर होय. कारण रोग कोणाच्या घरीं शिरेल हें कोणासही अगोदर कळत नाहीं. मात्र तो मार्ग टिकावयाचा तर प्रामाणिकपणें कर भरणारे नागरिक, काटकसरीनें खर्च करणारे अधिकारी व सेवाभावी डॉक्टर पाहिजेत. आज वर्गांत बसलेल्या विद्यार्थ्यांमधूनच उद्यां हे तिघे निघावयाचे आहेत.