एका वनस्पतीच्या आश्रयाने जगणारा सोंड्या

सोंड्या म्हटला की बागायतदाराच्या डोळ्यांपुढे माडाचे खोड पोखरणारा तांबडा भुंगा उभा राहतो, तर गृहिणीला तांदळातील सोंडे आठवतात. सोंडेसारख्या लांबट तोंडामुळे या कीटकांना हे नाव पडले. त्यांचा नायनाट कसा करावा, हा आपला नेहमीचा प्रश्न असतो. परंतु याच गटातील एका भुंग्याला वाचविण्यासाठी न्यूझीलंडमध्ये प्रयत्न चालू आहेत. त्याची हकीकत उद्बोधक आहे.

ओळख

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील कँटरबरी प्रांतात हा भुंगा आढळतो. हॅड्राम्फस ट्युबरक्युलेटस हे त्याचे शास्त्रीय नाव. पास्को या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने 1877 मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. लांबी सुमारे दीड सेंटिमीटर, रंग मातकट आणि पाठीवर गाठींसारखे उंचवटे. त्याला उडता येत नाही. तो रात्री बाहेर पडतो.

अन्न आणि निवारा

या भुंग्याचे जीवन ‘स्पॅनिअर्ड’ नावाच्या वनस्पतीशी जखडलेले आहे. ही वनस्पती कोथिंबीर, ओवा व गाजर यांच्याच कुळातील. मात्र तिची पाने भाल्याच्या टोकासारखी ताठ व तीक्ष्ण असतात. प्रौढ भुंगे तिच्यावर उपजीविका करतात, तर अळ्या जमिनीत तिच्या मुळांच्या आश्रयाने वाढतात. ही वनस्पती नाहीशी झाली, तर उडता न येणाऱ्या या जीवाला दुसरीकडे जाता येत नाही.

ऱ्हासाची कारणे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कँटरबरीच्या गवताळ मैदानांवर युरोपीय वसाहत वाढली. माळ जाळून नांगराखाली आणले गेले, मेंढ्यांची चराई सुरू झाली आणि स्पॅनिअर्डची बेटे उखडली गेली. त्यात दुसरे संकट आले. वटवाघळांखेरीज या देशात मूळचे जमिनीवरील सस्तन प्राणी नव्हते. येथील कीटकांचे शत्रू मुख्यतः नजरेने भक्ष्य टिपणारे पक्षी. त्यांच्यापासून मातकट रंग व रात्रीचा अंधार भुंग्याला वाचवीत असे. माणसाने आणलेले उंदीर आणि जाहक हा काटेरी कीटकभक्षक प्राणी मात्र रात्रीच, वासाने भक्ष्य शोधतात. त्यांच्यापुढे हे जुने संरक्षण निरुपयोगी ठरले.

पुन्हा शोध

1922 नंतर हा भुंगा कोणाच्याही दृष्टीस पडला नाही. तो नामशेष झाला, असेच मानले जात होते. 2004 मध्ये कँटरबरी विद्यापीठाच्या विद्यार्थिनी लॉरा यंग यांना बर्क्स खिंडीतील छोट्या राखीव क्षेत्रात तो जिवंत आढळला. फेअरली व टेकापो या गावांमधील महामार्गालगतचा हा परिसर त्याची एकमेव ज्ञात नैसर्गिक वस्ती ठरला. एका वणव्याने अथवा उंदरांच्या एका सुगीने संपूर्ण जातीचा शेवट व्हावा, इतकी ही अवस्था नाजूक आहे. म्हणूनच तेथे भुंग्यांच्या संख्येवर लक्ष ठेवणे, उपद्रवी प्राण्यांना आवर घालणे आणि स्पॅनिअर्ड राखणे ही कामे एकत्रच करावी लागतात.

आपल्यासाठी बोध

माडावरील सोंड्याचा बंदोबस्त केलाच पाहिजे. तथापि प्रत्येक सोंड्या पिकाचा शत्रू नसतो. दुसरे असे की, जमिनीचा लहानसा तुकडा अबाधित राहिला, म्हणूनच एक संपूर्ण जात तगली. गोवा व कोकणातील देवराया क्षेत्रफळाने लहान आहेत. परंतु अन्यत्र तुटलेली झाडे आणि त्यांवर अवलंबून असलेले जीव तेथे टिकून राहू शकतात. सरपणासाठी अथवा साफसफाईच्या नावाखाली तेथील झुडपे तोडण्यापूर्वी ग्रामस्थांनी याचा विचार करावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अशा ठिकाणी नेऊन कोणत्या झाडावर कोणता कीटक आढळतो, याची ऋतुवार नोंदवही ठेवण्यास सांगावे. कीटक पकडू अथवा मारू नयेत. पाहावे व लिहून ठेवावे. कोणता जीव कोणत्या झाडावर जगतो हे माहीत असेल, तरच त्या झाडाबरोबर काय जाणार आहे, हे वेळीच कळेल.