पिलाटिस शिकण्यापूर्वी चार प्रश्न

पिस्कॅटवेला लेकीकडे आल्यावर तिने मला पिलाटिसच्या वर्गात घातले. तिथल्या बाईंनी दुखण्याखुपण्याची चौकशी न करता पहिल्याच दिवशी पाठ गोल करून चटईवर मागेपुढे लोळायला लावले. माझी हाडे ठिसूळ. पंधरा दिवस पाठ धरली.

दोष व्यायामाचा नव्हे. जोसेफ पिलाटिस (१८८३–१९६७) या जर्मन गृहस्थांनी न्यूयॉर्कमध्ये ही पद्धत रुजवली. २००० साली तिथल्या न्यायालयाने हे नाव सर्वांना खुले केले. म्हणजे पाटी कोणीही लावू शकतो. म्हणून आधी विचारा :

१. शिक्षण किती तासांचे? पूर्ण अभ्यासक्रम साधारण ४५० तासांचा असतो. दोन दिवसांच्या शिबिराचा दाखला पुरेसा नाही.

२. आमच्या वयाच्या माणसांना शिकवले आहे का?

३. माझी माहिती घेणार का? रक्तदाब, चक्कर, काचबिंदू, बदललेला गुडघा किंवा खुबा, हे त्यांनी स्वतःहून विचारले पाहिजे.

४. ठिसूळ हाडांसाठी कोणते प्रकार गाळता? पाठ गोल करून वाकणे, लोळणे आणि कंबर जोराने पिळणे, असे उत्तर यावे. अशा वेळी ठिसूळ मणका दाबाने चेपू शकतो. उत्तर आले नाही, तर नमस्कार करून निघा.

मणका पूर्वी मोडला असेल, तर आधी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट. न्यू जर्सीत फिजिओथेरपिस्टला सरकारी परवाना लागतो.

आता मी मंगळवारी दुसऱ्या बाईंकडे जाते. शब्बाथला वर्ग नको, हेही सांगायला लाजू नका.