केशाकर्षण आणि शेतांतील ओल

शाळेंतील खडूचा एक तुकडा घेऊन त्याचें टोंक शाईच्या थेंबाला लावून पाहा. शाई क्षणांत वर चढूं लागते. दिव्याच्या वातींतून तेल ज्योतीपर्यंत जातें, तें ह्याच रीतीनें. पाण्याचा व तेलाचा स्वभाव उताराकडे वाहण्याचा. मग तीं वर कां चढावीं?

पाण्याचे कण एकमेकांस ओढून धरतात, तसेच ते कांचेलाही चिकटतात. कांचेची बारीक नळी पाण्यांत उभी धरली म्हणजे कडेचें पाणी कांचेला धरून वर सरकतें आणि मधल्या पाण्यास आपल्यामागें ओढतें. वर गेलेल्या पाण्याचा भार ह्या ओढीच्या बरोबरीचा झाला, कीं चढणें थांबतें. नळी केसासारखी बारीक लागते, म्हणून ह्या क्रियेस केशाकर्षण असें नांव आहे. १७१८ सालीं जेम्स ज्यूरिन नामक इंग्रज वैद्यानें दाखविलें कीं, नळीची रुंदी निम्मी केली तर पाणी दुप्पट उंच चढतें. १ मिलिमीटर रुंदीच्या स्वच्छ नळींत तें सुमारें ३ सेंटिमीटर चढतें; दहापट बारीक नळींत ३० सेंटिमीटर. (पारा मात्र कांचेला चिकटत नाहीं, तो नळींत उलट खालीं दबतो.)

आतां शेताकडे वळूं. मातीच्या कणांमधील फटी म्हणजे वेड्यावांकड्या नळ्याच होत. वाळूंत त्या रुंद, म्हणून ओल लौकर पण थोडीच चढते. काळ्या चिकण जमिनींत पुष्कळ उंच चढते, पण फार सावकाश. रब्बीची जिराइत ज्वारी मुख्यत्वें पावसाळ्यांत मुरलेल्या ओलीवर पोसते. ती ओल वर येऊन उन्हानें उडून गेली, तर कणसांत दाणा भरत नाहीं. कोळप्यानें वरचा थर भुसभुशीत केला म्हणजे ह्या नळ्या तुटतात, भेगा बुजतात, व खालची ओल खालीं राहते. तणही मरतें, आणि माझ्या मतें पुष्कळ शेतांत हाच लाभ मोठा, कारण तण आपल्या मुळांनीं खोलवरचें पाणी पितें.

कालव्याच्या भागांत मात्र हीच क्रिया घात करते. जमिनीखालील पाणी वर आलें कीं, ओलीबरोबर क्षार चढतो. पाणी उडून जातें, क्षार पांढरा होऊन मातीवर बसतो. नीरेच्या खोऱ्यांत विसाव्या शतकाच्या आरंभींच पुष्कळ जमिनी अशा खारावल्या. तेथें नुसत्या कोळपणीनें भागत नाहीं. आधीं चर खणून खालचें पाणी काढून द्यावें लागतें, आणि मग वरून गोडें पाणी सोडून क्षार धुवून काढावा लागतो. हें काम एकट्याच्या बांधापुरतें होत नाहीं. चराचें पाणी बहुधा शेजाऱ्याच्या शेतांतून ओढ्यास मिळावयाचें असतें. म्हणून कुदळ उचलण्यापूर्वीं त्याच्याशीं बोलून घ्यावें.