झिजलेला गुडघा आणि वजन

प्रश्न : वय ५६, वजन ७८ किलो. गुडघे झिजलेत. भांगलायला बसले की उठवत नाही. घरचे म्हणतात, वयच झालं. वजन उतरवून उपयोग होईल का?
– एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : ताई, वयावर ढकलून गप्प बसू नका. झिजलेली कूर्चा भरून येत नाही, पण दुखणं कमी होऊ शकतं. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, हे २००५ साली अमेरिकेतल्या अभ्यासात मोजलं गेलं. सात-आठ किलोंचं उद्दिष्ट ठेवा, वर्षभर लागलं तरी चालेल. कडक उपास मात्र नकोत. त्यानं मांडीचे स्नायूही उतरतात आणि गुडघ्याला आधार त्यांचाच असतो. एक भाकरी कमी, उसळ जास्त. खुर्चीत बसून पाय सरळ करा, पाच अंक मोजा, खाली घ्या. रोज दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. भांगलणीऐवजी उभ्यानं सायकल कोळपं चालवा. सज्जनगडासारख्या ठिकाणच्या पायऱ्या सध्या टाळा, उतरताना ताण अधिक येतो. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नका. गुडघा अचानक सुजून लाल झाला, ताप आला, तर त्याच दिवशी मिरजेचं शासकीय रुग्णालय गाठा.