बाळ उभे राहायला उशीर लावते आहे का?



पुण्याच्या आसपासच्या गावांतून तपासणीला आलेली आई एक प्रश्न हमखास विचारते, तोही सासूबाई जरा लांब गेल्यावर : "ताई, शेजारणीचं पोर दहाव्या महिन्यात उभं राहिलं. माझं वर्षाचं झालं तरी बाजेला धरूनच. माझं दूध कमी पडलं का?"

नाही, बाई. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतले कोणी सात महिन्यांचे असतानाच हात सोडून उभे राहिले, कोणी सतरा महिने होत आले तेव्हा. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे वय तर डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून धरावे.

तोवर घरी काय करावे? बाळाला कडेवरून आणि झोळीतून खाली उतरवा. स्वच्छ जमिनीवर अनवाणी खेळू द्या. बाजेच्या कडेला खुळखुळा ठेवा, म्हणजे ते धरून उठू पाहील. तुम्ही मागे बसून कमरेला आधार द्या; दोन्ही हात धरून वर ओढू नका. उठलेल्या बाळाला खाली बसता येत नाही, म्हणून ते रडते. त्याचे गुडघे हळूच वाकवून बसवा. वडिलांनीही संध्याकाळी दहा मिनिटे हा खेळ खेळावा. त्यात कमीपणा कसला?

आपला जुना पांगुळगाडा चांगला. पण बाळ धरून नीट उभे राहू लागल्यावरच, आणि मोठे माणूस जवळ हवे. मुलाला आत बसवायचा चाकांचा वॉकर मात्र आणू नका. त्यात तोल सावरणे शिकता येत नाही, आणि मूल क्षणात चुलीपाशी नाहीतर पायरीवर जाते. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. तेल जोराने रगडूनही पायांत बळ येत नाही. हळुवार चोळा, तेवढे पुरे.

पण नऊ महिने होऊनही आधाराशिवाय बसत नाही, वर्षाचे झाले तरी धरूनही उभे राहात नाही, दीड वर्षाचे होऊनही चालत नाही, तर थांबू नका. पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, अंग ढिले पडते, एकाच बाजूचा हात-पाय चालतो, किंवा येत होते ते मूल विसरते, तर वय न पाहता लगेच दाखवा. "याचा मामाही उशिराच चालला" असे म्हणत दिवस काढू नका. व्यायाम जितक्या लहानपणी सुरू होईल तितका उपयोग जास्त. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. त्याची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात तरी चालेल. पुण्यात औंधचे जिल्हा रुग्णालय आहे, स्टेशनजवळ ससून आहे.

अशा बाळाला आईचे हात जास्त दिवस लागतात. पोटात दुसरे असताना जमिनीवर बसून याला धरणे जमत नाही. म्हणून पुढच्या पाळण्याची घाई नको. दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर ठेवा. तांबी, अंतरा इंजेक्शन, निरोध यांपैकी तुम्हाला काय सोयीचे, ते आशाताई किंवा नर्सबाई सांगतील. दोघांनी मिळून या, आणि येताना बाळाचे लसीकरणाचे कार्ड आणा.